सूत्रग्राहीचें दप्तर

चिंचवड येथील श्रीमोरया गोसावी यांच्या समाधिमंदिरावर जो शिलालेख आहे, त्यांत बांधकामाच्या आरंभाचा शक १५८०, विलंबी संवत्सर, म्हणजे इ. स. १६५८, दिला आहे. आमच्याकडे बांधविणाराचें नांव असें दगडावरहि राहतें. बांधणाराचें बहुधा कागदावरहि राहत नाहीं.

मयमतांत स्थपति, सूत्रग्राही, वर्धकि व तक्षक असे चार शिल्पी सांगितले आहेत. पैकीं सूत्रग्राही म्हणजे मापें धरून आंखणी करणारा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील मुंबईच्या घरांचा इतिहास लिहूं जातां ह्याचेंच दप्तर मुख्य साधन ठरतें, आणि त्याचीच संग्राहकांत सर्वांत अधिक उपेक्षा आहे.

इ. स. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्यें इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला व पुढें दादर-माटुंग्यास आंखीव वसाहती उठल्या. इ. स. १९२० नंतर सरकारच्या डेव्हलपमेंट खात्यानें वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यांतील खोली सुमारें १६० चौरस फूट. ह्या सर्वांचे कागद सरकारी, म्हणून ते कोठें तरी सांपडतात. खासगी कारागिराचें तसें नव्हे.

गजानन बाबूराव म्हात्रे (१९०२–१९७३) यांचें उदाहरण घेऊं. मरीन ड्राइव्हवरील सूना महाल (१९३७) व ओव्हल मैदानासमोरील एम्प्रेस कोर्ट हीं त्यांचीं कामें. लोखंडी गजांच्या काँक्रीटमुळें टेकूवांचून सज्जा पुढें काढतां आला, खिडक्यांवर सलग छज्जे आले. बाहेरून दिसतें तें एवढें. खरा पालट आंतील आंखणींत आहे. वाड्यांत शौचकूप परसांत असे, चाळींत तें सामाईक; नव्या ‘ब्लॉकां’त तें स्वयंपाकघरापासून चार पावलांवर आलें. सोंवळ्याओंवळ्याची जी घडी मोडण्यास आमच्या सुधारकांनीं आयुष्यें वेंचलीं, ती पुष्कळ घरांत ह्या आंखणीनेंच मोडली असें आमचें मत आहे. (शास्त्रीमंडळींस तें रुचणार नाहीं, हें आम्ही जाणतों.) परंतु हें सिद्ध करावयाचें तर नकाशा पाहिजे, दर्शनी भिंत त्याविषयीं कांहींच बोलत नाहीं. म्हात्र्यांच्या कामांवर कमू अय्यर यांनीं संपादिलेला ग्रंथ इ. स. २००० मध्यें निघाला, आणि २०१८ मध्यें ओव्हल व मरीन ड्राइव्हचा भाग जागतिक वारशाच्या यादींत गेला. त्यांचे समकालीन कित्येक मात्र अनामच राहिले.

आमच्या चिंचवडासहि हें लागू आहे. इ. स. १९८२ मध्यें महानगरपालिका झाली, कारखाने पुढें चाकणपर्यंत पसरले, आणि जुने वाडे एकेक करून उतरले. अशाच एका वाड्याच्या माळ्यावर आम्हांस दोन बस्ते मिळाले. एकांत गणेशपुराणाची खंडित पोथी होती, दुसऱ्यांत सुताराच्या पावत्या, सागवानाचा हिशेब आणि जागेचा एक निळा नकाशा. पोथी आम्हीं उचलली व दुसरा बस्ता उद्यां नेऊं म्हणून ठेविला. तो रात्रींतून रद्दींत गेला. गणेशपुराणाच्या प्रती अनेक आहेत. त्या सुताराचें नांव आतां कोठेंहि नाहीं.

ज्या सभासदांपाशीं असे कागद असतील त्यांनीं निदान त्यांची यादी करून मंडळाकडे धाडावी. निळे नकाशे मात्र भिंतीवर लावूं नयेत. त्यांचा रंग उजेडानें उडतो. ते कापडांत गुंडाळून अंधारांत ठेवावे.