अपवादाधिष्ठित व्यवस्थापन
ठरविलेले प्रमाण व प्रत्यक्ष झालेले काम यांतील ज्या तफावती विशेष लक्षणीय असतील, त्यांतच वरिष्ठांनी लक्ष घालावे व नित्याचे व्यवहार हाताखालील अधिकाऱ्यांवर सोपवावेत, अशी व्यवस्थापनपद्धती. मोठ्या कारखान्यात दररोज असंख्य लहानमोठ्या उणिवा उद्‌भवतात. त्या सर्वांचा पाठपुरावा करणे शक्य नसते. त्यामुळे कोणती उणीव दखलपात्र समजावयाची, हा या पद्धतीतील मूळ प्रश्न होय.

हे तत्त्व अमेरिकन अभियंता फ्रेडरिक विन्सलो टेलर (१८५६–१९१५) याने ‘शॉप मॅनेजमेंट’ (१९०३) या प्रबंधात मांडले. व्यवस्थापकाकडे केवळ संक्षिप्त व तुलनात्मक अहवाल यावेत आणि त्यांत विशेष चांगल्या तसेच विशेष वाईट अशा दोन्ही प्रकारच्या अपवादांची नोंद असावी, असे त्याचे प्रतिपादन होते. तथापि प्रमाण कोणी व कसे ठरवावे, हा प्रश्न वादग्रस्त ठरला. ऑगस्ट १९११ मध्ये मॅसॅचूसेट्स राज्यातील वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारातील ओतकामगारांनी विरामघड्याळाने होणाऱ्या मोजणीविरुद्ध संप केला. त्यानंतर प्रतिनिधिगृहाने नेमलेल्या समितीपुढे टेलरने १९१२ मध्ये साक्ष दिली.

दखलपात्र उणीव ओळखण्याची शास्त्रीय कसोटी वॉल्टर शूहार्ट (१८९१–१९६७) याने दिली. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत असताना मे १९२४ मध्ये त्याने नियंत्रण आलेखाची कल्पना मांडली. प्रत्येक प्रक्रियेत काही चढउतार स्वाभाविकच असतात. सरासरीपासून सामान्यतः तीन प्रमाण विचलनांपलीकडे गेलेल्या चढउतारांचेच विशेष कारण शोधावे, असा त्याचा आशय होता. स्वाभाविक चढउतारांमागे धावल्यास श्रम वाया जातात व निर्दोष व्यक्तीस दोष लागतो. उलटपक्षी खऱ्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष झाल्यास हानी वाढते.

विल्यम एडवर्ड्‌स डेमिंग (१९००–९३) याने हाच विचार पुढे नेला. त्याच्या प्रात्यक्षिकात कामगार तांबड्या व पांढऱ्या मण्यांच्या मिश्रणातून डोळे झाकल्यागत मणी काढीत व तांबडे मणी ‘दोष’ मानले जात. कोणाच्या वाट्यास किती तांबडे मणी येतील, हे त्याच्या कौशल्यावर अवलंबून नसे. तरीही स्तुती व निंदा मात्र त्याचीच होई. बहुतेक, त्याच्या अंदाजाने सुमारे ९४ टक्के, अडचणींचे मूळ व्यवस्थेत असते व ती सुधारणे हे व्यवस्थापनाचे कर्तव्य होय, असे त्याचे मत होते.

रॉबर्ट मेगर व पीटर पाइप यांनी १९७० मधील ग्रंथात आणखी एक प्राथमिक प्रश्न पुढे आणला : उणीव तशीच राहू दिली, तर काय बिघडेल? उत्तर ‘काहीच नाही’ असल्यास तो विषय सोडून द्यावा. उणीव महत्त्वाची ठरल्यास ती कौशल्याच्या अभावामुळे आहे की अन्य अडथळ्यांमुळे, हे पाहावे; कारण ज्यास काम येते त्यास पुन्हा प्रशिक्षण देणे निरर्थक ठरते.

भारतात शूहार्टच्या १९४७–४८ मधील भेटीनंतर भारतीय सांख्यिकी संस्थेने या तंत्राचा उद्योगक्षेत्रात प्रसार केला.

या पद्धतीमुळे वरिष्ठांचा वेळ वाचतो. परंतु प्रमाणच चुकीचे असल्यास अपवादही चुकीचे निवडले जातात. तसेच जी उणीव हळूहळू सर्वत्र पसरते, ती अपवाद म्हणून नजरेस येत नाही. म्हणून प्रमाणांची वेळोवेळी फेरतपासणी करणे आवश्यक असते.