उघड्यावरून अमूर्ताकडे

अमूर्त चित्रापुढे उभे राहिले की आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात एक शंका डोकावते: या चित्रकाराला साधे झाड तरी काढता येत असेल का? सय्यद हैदर रझा यांच्यापुरते उत्तर त्यांच्या आयुष्यातच सापडते.

रझांचा जन्म १९२२ चा, मंडला जिल्ह्यातला. वडील वनखात्यात असल्याने नर्मदेकाठचे अरण्य हेच त्यांचे अंगण. नागपूरला शिकून १९४३ मध्ये ते मुंबईस आले आणि जे. जे. मध्ये दाखल झाले. मुंबईच्या रस्त्यांची त्या काळातली त्यांची जलरंगचित्रे पाहावीत. हात किती चपळ होता ते कळते. १९४८ मध्ये काश्मिरात काढलेली निसर्गचित्रे छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी पाहिली. रंग उत्तम, पण बांधणी नाही. सेझान अभ्यासा, असे त्यांनी स्पष्टच सांगितले. स्तुतीची सवय झालेल्या तरुणाला हे झोंबले असते. रझांनी ते मनावर घेतले आणि १९५० मध्ये फ्रान्स गाठले.

पुढील दहा वर्षे आम्हांस सर्वांत मोलाची वाटतात. १९५१ च्या ‘ओ द कान्य’मध्ये टेकडीवरची घरे ठोकळ्यांसारखी रचलेली आहेत, माणूस एकही नाही. बांधणीचा धडा इथे गिरवलेला दिसतो. १९५८ च्या ‘चर्च असलेले खेडे’ या तैलचित्रात मात्र त्या भिंती रंगाच्या जाड थरांत विरघळू लागल्या आहेत. आपल्या वसईकडील वाचकांना हे दृश्य परके वाटू नये: चर्चभोवती दाटलेली वस्ती. परंतु चित्रकार इमारत मोजत बसलेला नाही. तिथे उभे असताना जे अंगावर आले, तेवढेच त्याने ठेवले आहे. अमूर्तता शिरली ती या वाटेने, निसर्गाकडे पाठ फिरवून नव्हे.

१९६२ मध्ये ते अमेरिकेत बर्कले येथे शिकवावयास गेले. तेथे रॉथकोची चित्रे पाहून उरलीसुरली घरेही गळाली. सत्तरीच्या दशकाअखेर बिंदू आला. चंचल बालकाचे चित्त स्थिर व्हावे म्हणून मंडल्याकडील शाळेत गुरुजींनी भिंतीवर काढून दिलेला ठिपकाच तो, असे रझा सांगत.

उत्तरकाळात या बिंदूची पुनरुक्ती फार झाली, हे आमचे मत आम्ही लपवीत नाही. खेड्यांच्या चित्रांतील धग तेथे क्वचितच लागते. तरीही गोर्बियो या फ्रेंच डोंगरी गावाचा सहवास त्यांनी अनेक वर्षे राखला.

२०१० च्या अखेरीस ते भारतात परतले. २०१६ मध्ये दिल्लीत निधन झाल्यावर, त्यांच्या इच्छेनुसार, मंडला येथे वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचे दफन झाले.