गाण्यातलं तट्टू, रस्त्यावरचं तट्टू

शाहीर साबळ्यांच्या आवाजात घराघरात पोचलेलं महाराष्ट्रगीत १९ फेब्रुवारी २०२३ पासून आपलं राज्यगीत झालं. राजा बढे यांच्या त्या गीतात भीमथडीच्या तट्टांचा मान मोठा आहे. शाळेत, सरकारी कार्यक्रमात उभं राहून आपण ते म्हणतो. आता यातली गंमत बघा. ज्या दिवशी ते राज्यगीत झालं, त्या दिवशी देशातल्या नोंदणीकृत घोड्यांच्या यादीत भीमथडी नावाची जातच नव्हती. मारवाडी होती, काठियावाडी होती, मणिपुरी, स्पिती, झांस्कारी, भूतिया, कच्छी-सिंधी अशा सात जाती होत्या. भीमथडी आली जानेवारी २०२४ मध्ये. आठवी.

म्हणजे ज्या जनावराच्या नावाने आपण छाती फुगवतो, ते कागदोपत्री अस्तित्वातच नव्हतं. आणि तरी ते संपलेलंही नव्हतं. दिवाळीनंतर पुणे-सोलापूर रस्त्याने किंवा बारामती-फलटणच्या बाजूने तुम्ही गेला असाल, तर ते तुम्ही बहुतेक पाहिलंयही. फक्त ओळखलं नाहीत.

थडी म्हणजे नदीचा काठ. गोदेची ती गंगथडी, भीमेची ती भीमथडी. दौंड, इंदापूर, बारामतीचा पट्टा. इंग्रजी अमलात पुणे जिल्ह्यात भीमथडी नावाचा तालुकाच होता. पाऊस बेताचा, जमीन खडकाळ, झाडं तुरळक. पण पावसाळ्यात माळावर गवत भरपूर. अशा कडक जमिनीवर वाढलेल्या शिंगराचे खूर टणक होतात आणि कमी चाऱ्यावर भागवायची सवय त्याला जन्मापासून लागते. कोकणच्या बंदरांत उतरलेले अरबी घोडे आणि व्यापाऱ्यांनी आणलेले तुर्की घोडे यांचं रक्त इथल्या तट्टांत मिसळत गेलं आणि ही जात घडली, असं मानलं जातं.

घोडा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पुतळ्यातला उंचापुरा घोडा येतो. सरदारांकडे अरबी घोडे असत, ते कुणी नाकारत नाही. पण फौज काही फक्त सरदारांची नसते. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला यायचा. शिलेदाराचा घोडा म्हणजे त्याचं भांडवल. तो मेला की भाकरी गेली. असा माणूस दिखाऊ घोडा घेईल की मिळेल त्या कडब्यावर जगून दिवसामागून दिवस चालणारा घेईल?

पालखेडचीच मोहीम घ्या, फेब्रुवारी १७२८. निजामाकडे नावाजलेला तोफखाना होता. बाजीरावाकडे होता वेग. महिनोन्महिने त्याने निजामाला खानदेश-गुजरातपर्यंत पळवलं, शेवटी तोफखाना मागे टाकायला लावला आणि पालखेडजवळ पाण्यावाचून कोंडलं. मार्च १७३७ मध्ये मोगलांच्या फौजा त्याला दुसरीकडेच शोधत असताना हा माणूस थेट दिल्लीच्या वेशीवर उभा! आपण याला युद्धनीती म्हणतो, आणि ती होतीच. पण ही नीती ज्याच्या पाठीवर बसून राबवली, त्या जनावराबद्दल इतिहासाच्या पुस्तकात किती ओळी असतात? उलटा पुरावाही आहे. पानिपतावर अवजड तोफा होत्या, बाजारबुणगे आणि यात्रेकरू होते, रसद तुटली, चारा संपला. लढाईच्या आधीच घोडी उपासमारीने मरू लागली होती. धावणाऱ्या फौजेला एका जागी बांधून ठेवलं की काय होतं, ते तिथे दिसलं.

मग आलं १८१८. पेशवाई बुडाली हे आपण शिकतो. पागा मोडल्या हे शिकत नाही. माझ्या मते भीमथडी घोड्याच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं वळण हेच आहे. जनावराची जात नुसत्या हवापाण्यावर टिकत नाही, निवडीवर टिकते. कोणती घोडी ठेवायची, तिला कोणता घोडा दाखवायचा, कोणतं शिंगरू विकून टाकायचं, हे ठरवणारे हजारो जाणकार डोळे असतात. त्या डोळ्यांना पगार देणारी फौजच गेली. थोडे स्वार कंपनीच्या नव्या रिसाल्यांत गेले. पुणे हॉर्स ही पलटण मुळात १८१७ च्या तहातून, पेशव्यांच्या खर्चाने उभी राहिलेली, आणि शिलेदारीची पद्धतसुद्धा इंग्रजांनी आपल्या हिंदी रिसाल्यात पहिल्या महायुद्धापर्यंत चालवली. पद्धत उचलली, घोडा नाही उचलला. त्यांना उंच घोडा हवा होता. तो त्यांनी अरबस्तानातून आणला आणि पुढे जहाजं भरभरून ऑस्ट्रेलियातून आणला.

पुढचं भराभर सांगतो. १८६० मध्ये लोहमार्ग सोलापूरला पोचला, तोही थेट भीमथडीच्या मधून. लांबच्या वाहतुकीत तट्टाची गरज घटली. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनची जनावरं कडब्यावाचून मेली. नीरेचे कालवे आले, ऊस आला, साखर कारखाने आले, माळ फुटले. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं आणि ज्या थडीवरून या घोड्याला नाव मिळालं, तीच मैलोन्मैल पाण्याखाली गेली. (धरण नको होतं असं मी म्हणत नाही. सोलापूरची तहान कुणी भागवली असती?) आज भिगवणला त्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला गाड्यांची रांग लागते. त्याच रस्त्याच्या कडेने धनगराचं बिऱ्हाड लादलेलं भीमथडीचं तट्टू चाललेलं असतं आणि आपण हॉर्न वाजवतो.

होय, धनगराचं. फौज गेली, राजे गेले, हा घोडा वाचवला तो मेंढपाळांनी. बिऱ्हाड हलवायचं तर दुसरं कोण चालणार? घोंगड्या, भांडीकुंडी, पीठमीठ, मेंढरं कोंडायची वाघर, कोंबड्या, चालता न येणारी कोकरं आणि कधी लहान पोरंही त्या पाठीवर. पुरुष मेंढरांमागे रानोरान जातात. घोडी लादून पुढचा तळ गाठण्याचं काम बहुतेक बायांच्या हातात असतं. म्हणजे गेली दोनशे वर्षं या जातीची खरी पागा धनगर बायांनी सांभाळली असं म्हटलं तर चूक होणार नाही. त्यांचं नाव कुठल्या नोंदणीत येणार?

शब्दाचीही हीच गत झाली बघा. जे तट्टू दिल्लीला गेलं ते मराठीत आता शिवी म्हणून उरलंय. भाड्याचं तट्टू म्हणतो आपण, विकत घेतलेल्या माणसाला. आणि पुण्यातल्या नव्या पिढीला भीमथडी म्हटलं की आठवते ती डिसेंबरातली जत्रा, पिठलं-भाकरी आणि मांडे. जत्रा छान असते, मीही जातो. पण नाव घोड्यामुळे गाजलं, एवढं तरी मुलांना सांगा.

आता मुद्द्याचं. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने नोंदणी केली हे उत्तमच झालं. पण नोंदणीने जात टिकत नाही, वापराने टिकते. २०१९ च्या पशुगणनेत देशातले घोडे आणि तट्टं मिळून ३.४ लाख भरली. २०१२ पेक्षा ४५ टक्क्यांहून जास्त घट. सात वर्षांत जवळजवळ निम्मी! भीमथडीचा धनी तर फिरस्ता आहे. तो चालतो म्हणून घोडा बाळगतो. त्याने चालणं सोडलं, बिऱ्हाडासाठी पिकअप घेतली, की घोडा विकला जाणार. आणि त्याला चालू देत नाही कोण? आपणच. माळरानाला आपल्या सरकारी कागदांवर पडीक म्हणतात. पडीक म्हणजे कुणाच्याच कामाची नाही, म्हणून कुणालाही देता येते. कारखान्याला द्या, सौर प्रकल्पाला द्या, नाहीतर खड्डे खणून झाडं लावा आणि फोटो काढा. त्याच माळावर लांडगा, खोकड, चिंकारा जगतात. वनखात्याने कडबनवाडी आणि शिरसुफळला माळरानाची सफारी सुरू केली, याचा मला आनंदच आहे. पण पर्यटकाला पैसे भरून जे गवत बघायला मिळतं, त्यात मेंढपाळाला पाय ठेवायला मिळतो का, हा प्रश्न आपल्या आमदारांना विचारायला हरकत नाही. २१ व्या पशुगणनेत पहिल्यांदाच फिरस्त्या पशुपालकांच्या जनावरांची वेगळी माहिती घ्यायचं ठरलं. भीमथडीचे आकडे गावनिहाय जाहीर करा, एवढी साधी मागणी आतापासून लावून धरता येईल.

बघायचा असेल तर सारंगखेड्याला किंवा अकलूजच्या घोडेबाजारात मुद्दाम जाऊ नका, म्हणजे जा, पण तिथे गर्दी असते ती लाखालाखांच्या मारवाडी आणि पांढऱ्याशुभ्र नुकऱ्यांभोवती. भीमथडी बघायची तर दिवाळी झाली की दौंड-इंदापूर-फलटणच्या रस्त्याला सकाळी लवकर निघा. काळ्या मेंढरांचा कळप दिसला की थोडं पुढे बघा, तळ हलत असेल. बुटकं, आटोपशीर अंगाचं, पाठीवर संसार, कुणी लगाम न धरता ओळीत चालणारं. गाडी लांब थांबवा, हॉर्न नको. आणि फोटो काढायच्या आधी त्या बाईला विचारा की घोडी कुणाच्या वाणाची आहे. तिला दोन-तीन पिढ्या मागचं सांगता येतं.