लाखेची तबकडी आणि तिची सुई : ध्वनिमुद्रित संगीताच्या इतिहासातील एक साधनविचार

प्रस्तावना

जुने कागदपत्र हाती आले की इतिहासाचा अभ्यासक प्रथम त्याचा कागद, शाई आणि मोडीचे वळण तपासतो. मजकुरावरील भाष्य त्यानंतर करतो. ध्वनिमुद्रित तबकडी हेही असेच अस्सल साधन होय. परंतु जुन्या गायकांविषयी लिहिताना त्यांची तबकडी कोणत्या यंत्रावर, कोणत्या सुईने आणि कोणत्या वेगाने ऐकली, याची नोंद आपल्याकडे क्वचितच केली जाते. टर्नटेबल आणि कार्ट्रिज यांची निवड व जुळणी हा केवळ छंदाचा विषय नसून साधनचिकित्सेचा भाग आहे, या भूमिकेतून प्रस्तुत लेखात काही मुद्द्यांचा विचार केला आहे.

एमिल बर्लिनर याने ग्रामोफोनचे पेटंट १८८७ मध्ये घेतले. फ्रेड गेसबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्यास आला आणि गौहर जान हिचे गायन तबकडीवर उमटले. १९०८ पासून कलकत्त्यातच तबकड्यांचा कारखाना सुरू झाला, तो १९२८ मध्ये डमडम येथे गेला. येथे नमूद केले पाहिजे की जगभरच्या या तबकड्या ज्या लाखेच्या बनत, ती बव्हंशी भारतातूनच जात असे.

वेगाचा प्रश्न

‘७८ वेगाची तबकडी’ हा शब्दप्रयोग फसवा आहे. प्रारंभीच्या ध्वनिमुद्रणात मिनिटास ७० पासून ८० च्या पुढेपर्यंत फेरे आढळतात. ७८ हा आकडा पुढे विजेच्या मोटारींबरोबर रूढ झाला. समजा, मुद्रण ७४ फेऱ्यांवर झाले आणि आपण ती तबकडी ७८ वर वाजवली, तर स्वर जवळजवळ एका अर्धस्वराने चढतो. काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनमध्ये गात असल्याचे वाटते, तीन मिनिटांची चीज सुमारे नऊ सेकंद आधी संपते आणि तान प्रत्यक्षाहून जलद भासते. अमुक गायकाची पट्टी उंच होती, अमुक काळात लय वाढली, अशी विधाने करण्यापूर्वी एवढा हिशेब मांडणे आवश्यक आहे. साथीची पेटी ही येथे उपयुक्त साक्षीदार ठरते, मात्र ती निर्णायक नव्हे. ४४० कंपनसंख्येचे प्रमाण आंतरराष्ट्रीय परिषदेने १९३९ मध्ये मान्य केले. त्यापूर्वी ४३५ पासून ४५२ पर्यंतची प्रमाणे प्रचारात होती. हा फरकही अर्ध्या अर्धस्वराहून अधिक भरतो.

तथापि वेग चुकला तरी स्वरांतील परस्पर अंतरे बदलत नाहीत. ती बदलतात तबकडीचे छिद्र मध्यावरून सरकलेले असेल तर, आणि याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. मध्यापासून ५० मिलिमीटरवरील खाचेत छिद्र केवळ अर्धा मिलिमीटर चुकले, तर प्रत्येक फेऱ्यात स्वर एक टक्का वर आणि एक टक्का खाली जातो. अर्धस्वराचे शंभर भाग कल्पिले तर हे हेलकावे वर-खाली १७-१७ भागांचे होतात. प्रमाणश्रुती सुमारे २२ भागांची मानली जाते, हे येथे लक्षात घ्यावे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या प्रयोगांना अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचा आधार होता. आज कोणी खाँसाहेबांच्या तबकड्यांवरून श्रुती मोजू पाहील, तर प्रथम छिद्र तपासणे त्याला भाग आहे. अन्यथा पाऊण सेकंदाला एकदा येणारा यंत्राचा हेलकावा गायकाचे आंदोलन म्हणून नोंदला जाईल. छिद्र कानसून मोठे करणे मात्र सर्वथा वर्ज्य समजावे. तो मूळ दस्तऐवजावर केलेला आघात होय.

सुई, भार आणि खाच

लाँग प्ले तबकडी १९४८ मध्ये आली आणि खाच अरुंद झाली. तिच्या सुईचे टोक साधारणतः १८ ते २५ मायक्रॉन त्रिज्येचे असते. लाखेच्या तबकडीस सुमारे ७५ मायक्रॉनचे टोक लागते. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी उतरते आणि तेथील कचरा वाचत जाते. गाणे मात्र भिंतींवर कोरलेले असते. पेटीवजा स्वस्त यंत्रांत ७८ चा वेग दिलेला असतो, सुई मात्र बहुधा लाँग प्लेचीच असते. जाणकार संग्राहक म्हणूनच दोन-तीन मापांची टोके वापरून खाचेचा न झिजलेला भाग शोधतात.

भाराचा विचारही असाच. चांगल्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला लाँग प्लेसाठी दीड-दोन ग्रॅम, लाखेच्या तबकडीसाठी तीन ते पाच ग्रॅम भार पुरतो. किल्लीच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स शंभर ग्रॅमहून अधिक भाराने टेकतो. ‘मूळ यंत्रावर मूळ आवाज’ हा युक्तिवाद प्रदर्शनापुरता ठीक आहे. दुर्मीळ प्रतीवर तो प्रयोग करणे म्हणजे वाचता वाचता पोथी झिजवणे होय. तसेच लाखेच्या तबकड्यांतील खाच बहुतांशी आडवी डोलते, त्यामुळे स्टीरिओ कार्ट्रिजच्या दोन्ही वाहिन्या एकत्र जोडल्यास उभ्या हालचालीतून येणारी खरखर पुष्कळ कमी होते. पाथेच्या उभ्या खाचेच्या तबकड्या यास अपवाद आहेत.

टोनआर्मच्या कोनाचे गणित पर्सी विल्सन (१९२४), लोफग्रेन (१९३८) आणि बेअरवाल्ड (१९४१) यांनी मांडले. आजचे जुळणीचे तक्ते लाँग प्लेच्या मापाने छापलेले असतात. दहा इंची जुन्या तबकडीची खाच त्याहून आत जाते आणि तेथे विकृती वाढते. गौहर जान आपले नाव पुकारते ती जागा नेमकी हीच, तबकडीच्या अखेरीस.

यंत्र निवडताना नावाला भुलू नये. १९७९ चे प्रसिद्ध टेक्निक्स एसएल-१२०० एमके-२ वेगस्थैर्यासाठी नावाजलेले असले, तरी त्यात ३३⅓ आणि ४५ हेच वेग आहेत. ७८ चा वेग त्यात नाही. ४५ वर मुद्रण करून संगणकात वेग वाढवणे शक्य आहे, मात्र प्रीअँपची आरआयएए दुरुस्ती तेव्हा चुकीच्या कंपनसंख्यांवर लागते. ही दुरुस्ती १९५४ ची आहे. १९२५ पूर्वीच्या, भोंग्यातून मुद्रित झालेल्या तबकडीवर ती लावली असता १०,००० हर्ट्झला जवळजवळ १४ डेसिबल इतका उच्च स्वर छाटला जातो. म्हणून दुरुस्तीविना सपाट प्रत आधी जतन करावी.

महाविद्यालयीन ग्रंथालयात तबकड्यांचे संगणकीकरण योजताना मर्यादित निधी कोठे वापरावा, याचे उत्तर वरील विवेचनात आहे. वेग मागाहून सुधारता येतो, आरआयएएचा दोषही सुधारता येतो. चुकीच्या सुईने घासलेली भिंत पुन्हा उभी राहत नाही. लेखकाच्या मते पहिला खर्च योग्य मापाच्या सुयांवर आणि भार मोजण्याच्या छोट्या काट्यावर व्हावा, टर्नटेबल मध्यम प्रतीचे असले तरी चालेल. प्रत्येक ध्वनिफितीसोबत सुईचे माप, भार, योजलेला वेग आणि छिद्राची स्थिती या चार नोंदी लिहिल्या जाव्यात, त्याही तबकडीच्या वेष्टनावर नव्हे, स्वतंत्र नोंदवहीत.