काचेतली कृष्णा

पाणवनस्पतींचे मत्स्यालय म्हणजे माशांची नुसती काचपेटी नव्हे. तळाला वाळू-माती, तिच्यात मुळे धरलेल्या वनस्पती, आणि त्या रुजल्यावर सगळ्यात शेवटी मासे, असा त्याचा क्रम असतो. अशा टाकीला लागणारे जवळपास सगळे सामान सातारा-सांगली पट्ट्यात पूर्वापार आहे. संथ पाण्यात हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया वाढतात, खडकावरचे शेवाळ खरवडून खाणारा मळ्या आहे, बोटभर खवले मासे आहेत, झिंगे आणि गोगलगायी आहेत. तरीही या दोन जिल्ह्यांतल्या घरांत काचेची टाकी आली ती मुंबई-पुण्याच्या बाजारामार्गे, आणि तिच्यात पोहत होते चीनचे सोनमासे आणि दक्षिण अमेरिकेचे एंजल नि गप्पी. नदी दाराशी आणि मासे परमुलखातले, असे का झाले याचा माग दोनशे वर्षे मागे जातो.

आधी पाण्याविषयी, कारण टाकीत काय जगेल हे पाणीच ठरवते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तर सांगलीच्या पूर्वेला आटपाडी-जत भागात पाचशेच्या आसपास. घाटमाथ्यावरचे ओढे काळ्या कातळावरून आणि जांभ्यावरून वाहतात. त्यांना क्षार विरघळवायला फारशी उसंत मिळत नाही, म्हणून त्यांचे पाणी मृदू असते. पूर्वेकडे काळ्या मातीत चुनखडीचे खडे सापडतात आणि बोअरचे पाणी इतके जड असते की डाळ लवकर शिजत नाही, बादलीला पांढरी पुटे चढतात. एकाच कृष्णाखोऱ्यात शंभर-दीडशे किलोमीटरवर दोन वेगळ्या जातीची पाणी आहेत. व्हॅलिस्नेरियाला जड पाणी मानवते. भातखाचरांत उगवणाऱ्या रोटालाच्या बहुतेक जाती मृदू पाण्यात खुलतात. घाटाकडच्या मेढ्याला साधलेली टाकी जतला साधेलच असे नाही, ते यामुळे.

या खोऱ्यातल्या माशांची शास्त्रीय नोंद प्रथम केली ती एका लष्करी अधिकाऱ्याने. विल्यम हेन्री साइक्स याला १८२४ मध्ये मुंबई सरकारने दख्खनची सांख्यिकी गोळा करण्याच्या कामावर नेमले. पिके, पाऊस, लोकसंख्या यांच्या जोडीला त्याने पक्षी आणि मासेही टिपले. त्याचे मासे मुख्यतः भीमा आणि तिच्या उपनद्यांतले, म्हणजे कृष्णेच्याच कुटुंबातले. १८३९ च्या सुमारास लंडनमध्ये त्यांची वर्णने छापून आली. नावे देताना साइक्सने मासेमारांच्या तोंडचे शब्द बरेचसे तसेच उचलले. त्यामुळे मळ्या आज जगभर ‘गारा मुल्या’ म्हणून ओळखला जातो. या माशाच्या तोंडाखाली चकतीसारखा भाग असतो. त्याने तो वाहत्या पाण्यात दगडाला धरून राहतो आणि त्यावरचे शेवाळ खात पुढे सरकतो. टाकीच्या काचेवरचे हिरवे किटाण काढायला आज लोक दुकानातून ‘सकर’ नावाचा परदेशी मासा आणतात. ते काम करणारा मासा जवळच्याच ओढ्यात होता आणि त्याचे वर्णन छापून पावणेदोनशे वर्षे उलटून गेली आहेत.

साइक्सनंतरची मोठी गोष्ट १९११ ची, आणि तिचे मोल अजूनही साताऱ्यात पुरेसे कुणाला ठाऊक नाही. मालवणात १८८४ मध्ये जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर त्या वेळी मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात होते. सुट्टीत सह्याद्री पालथा घालणे हा त्यांचा परिपाठ. सातारा जिल्ह्यातल्या घाटाखालच्या नदीत त्यांना चक्क जेलीफिश सापडला. जेलीफिश समुद्रात असायचा. गोड्या पाण्यातली ही प्रजाती तोवर फक्त आफ्रिकेतून माहीत होती. कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचे अधीक्षक नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी इथे सापडलेल्या नव्या जातीचे नाव ‘लिम्नोक्निडा इंडिका’ ठेवले आणि ही बातमी ‘नेचर’ या नियतकालिकापर्यंत गेली. पुढे एफ. एच. ग्रेव्हली आणि आघारकर यांनी मिळून या जेलीफिशच्या सवयी आणि ठिकाणे यांवर स्वतंत्र टिपण लिहिले. हा प्राणी पारदर्शक आणि नाण्याएवढा. नदीकाठी उभे राहून तो दिसत नाही. काचेच्या भांड्यात पाणी घेऊन उजेडासमोर धरले की मग त्याच्या कडेचे तंतू आणि आकसून पुढे सरकण्याची लकब ध्यानात येते.

आघारकर पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून गाजले, कोलकाता विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी करण्यात अग्रभागी राहिले. आज त्या संस्थेला त्यांचेच नाव आहे. अ‍ॅनंडेल १९१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पहिले संचालक झाले, आणि १९१९ मध्ये त्यांनी मुंबई इलाख्यातल्या लहान ओढ्यांच्या जीवसृष्टीवर प्रबंध छापला. एवढी विद्वत्ता सह्याद्रीच्या ओढ्यांवर खर्ची पडली, पण ती संग्रहालयांच्या बाटल्यांत आणि इंग्रजी नियतकालिकांत राहिली. काठावरच्या गावांना तिची गंधवार्ताही नव्हती.

काचेच्या टाकीचे तंत्र मात्र दुसरीकडे घडत होते. लंडनचा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने सुमारे ५५ लिटरच्या भांड्यात सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ठेवून पाहिले. वनस्पती प्राणवायू देईल, मासे कार्बन डाय-ऑक्साइड देतील, पाणी बदलावे लागणार नाही, असा हिशेब होता. पण गळालेली पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले. मग त्याने गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजके खाल्ले, आणि भांडे निवळले. १८५० च्या मार्चमध्ये हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला गेला आणि तिथून ‘समतोल मत्स्यालया’ची कल्पना पसरली. ती निम्मीच खरी होती. माशांच्या मलमूत्रातला अमोनिया निकामी करणारे जिवाणू शास्त्राला कळायला आणखी चाळीस वर्षे जावी लागली. नव्या टाकीत पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मासे पटापट मरतात ते हे जिवाणू वाळूत वसायच्या आत मासे सोडल्यामुळे. बहुतेक नवखे दोष मात्र दुकानदाराला देतात.

सातारा-सांगलीत पाणवनस्पती काचेआड प्रथम गेली ती शोभेसाठी नव्हे, प्रयोगासाठी. १९१९ मध्ये सांगलीजवळ विलिंग्डन महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी कराड तालुक्यातल्या काले येथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली. पुढच्या काळात शाळा-महाविद्यालयांतून विज्ञान पोहोचले आणि त्याबरोबर हायड्रिलाचा प्रयोगही. बीकरमध्ये पाणी, त्यात तळ्यातून आणलेल्या हायड्रिलाच्या फांद्या, त्यांवर उपडे नरसाळे, नरसाळ्याच्या नळीवर पाण्याने भरलेली परीक्षानळी. बीकर उन्हात ठेवले की तुटलेल्या देठांतून बुडबुड्यांची माळ सुटते. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला तर माळ जोरात धावते. नळीत जमलेल्या वायूत विझत आलेली काडी धरली की ती भपकन पेटते. हा प्रयोग ज्यांनी केला त्यांनी वॉरिंग्टनचा अर्धा धडा नकळत गिरवला. तास संपला की हायड्रिला फेकून दिला जाई. त्यात मासा सोडून बघण्याची सोय अभ्यासक्रमात नव्हती.

मासा आला तो आरोग्य खात्याकडून. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात आणले गेले, १९२८ मध्ये गॅम्बुसिया आला. हिवताप निर्मूलनाच्या मोहिमेत हे मासे विहिरींत, हौदांत, डबक्यांत सोडले गेले आणि ‘गप्पी मासे पाळा’ ही घोषणा महाराष्ट्रातल्या गावोगावच्या भिंतींवर उतरली. गप्पी पिल्ले घालतो, अंडी नाही. कशाही पाण्यात तग धरतो. नराची शेपटी रंगीत. आरोग्य केंद्राच्या हौदातून बाटलीत चार गप्पी आणायचे आणि महिन्याभरात चाळीस झालेले पाहायचे, ही अनेक घरांतल्या मत्स्यपालनाची खरी सुरुवात. सरकारी मोहिमेने शोभेच्या माशाची गोडी लावली, असे म्हणायला हरकत नाही. स्थानिक छोट्या माशांवर त्याचा काय परिणाम झाला याची चौकशी मात्र फार उशिरा सुरू झाली.

शोभेचे मत्स्यालय कसे दिसते हे बहुतेकांनी प्रथम पाहिले ते मुंबईत. मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते उघडले, आणि पुढची कित्येक दशके शाळांच्या मुंबई सहलीत राणीच्या बागेबरोबर त्याचा थांबा ठरलेला असे. तिथून परतलेल्याला घरी टाकी हवीशी वाटणे साहजिक होते. जुन्या टाक्या लोखंडी अँगलच्या चौकटीत काचा बसवून लांबीने चिकटवलेल्या असत. अँगल गंजे, लांबी सुके आणि टाकी गळू लागे. पुढे सिलिकॉनने काचेला काच चिकटवता येऊ लागली तेव्हा टाकी स्वस्त झाली आणि तालुक्याच्या गावांतही दुकाने निघाली. दुकानांत मिळत ते मासे कोलकाता, चेन्नई, मुंबईच्या घाऊक बाजारांतून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत आलेले. वनस्पती मात्र प्लॅस्टिकच्या, खडे निळे-गुलाबी, आणि कोपऱ्यात हवेचा पंप, ज्याला सगळे ‘ऑक्सिजन’ म्हणतात. तो पंप प्राणवायू तयार करत नाही. पाणी ढवळून पृष्ठभागावर हवा विरघळवतो एवढेच. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत तासन्‌तास वीज जाई, तेव्हा गच्च भरलेल्या टाक्यांचे हाल झाले. खरी झाडे असलेल्या, मोजके मासे असलेल्या टाकीला दिवसा तेवढी भीती नसते. रात्री झाडेही प्राणवायू घेतात, हे तिथेही विसरून चालत नाही.

खऱ्या झाडांकडे वळण्याची लाट जपानमधून आली. छायाचित्रकार ताकाशी आमानो (१९५४–२०१५) याने दगड, लाकूड आणि वनस्पतींनी टाकीत निसर्गदृश्य उभे करण्याची शैली रूढ केली. १९९० नंतर त्याच्या पुस्तकांनी ती जगभर नेली. खर्चीक दिवे, कार्बन डाय-ऑक्साइडचे सिलिंडर, खास माती असा तिचा थाट. सातारा-सांगलीतल्या पहिल्या टाकीला यातले काहीच लागत नाही. दोन फुटांची टाकी घ्यावी आणि ती उन्हाच्या झोताबाहेर, सपाट, भक्कम टेबलावर ठेवावी. भरल्यावर तिचे वजन पन्नास किलोंच्या वर जाते. काळ्या कातळाचे दगड चालतात, कारण ते पाणी जड करत नाहीत. शंका असेल तर दगडावर लिंबू पिळावे. फेस आला तर त्यात चुना आहे. वाळू पाणी निवळेपर्यंत धुवावी. नळाचे पाणी उघड्या बादलीत एक-दोन दिवस ठेवले की साधे क्लोरीन बरेचसे उडून जाते. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया लावून महिनाभर थांबावे, मग चार-पाच छोटे मासे सोडावेत. हा थांबण्याचा महिनाच लोकांना सर्वांत जड जातो.

नदीतला प्रत्येक मासा टाकीत शोभतो असेही नाही. मत्स्यव्यवसाय खात्यातले सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५२ मध्ये पंचगंगेतल्या एका लहान मांजरमाशाचे वर्णन केले; तो दुसऱ्या माशांचे खवले उपटून खातो. त्याचे शास्त्रीय नावही ‘खवलचोर’ असेच आहे. असा भाडेकरू ठेवला तर बाकीच्यांची खैर नाही.

वनस्पतींत तर सातारा जिल्ह्याच्या नावाचीच एक आहे. ‘अपोनोजेटॉन सातारेन्सिस’, म्हणजे कास पठारावरचा वायतुरा, १९८२ मध्ये नवी जाती म्हणून नोंदला गेला. या प्रजातीतल्या परदेशी जातींचे कंद मत्स्यालयाच्या दुकानांत सर्रास विकले जातात. वायतुऱ्याचे तसे नाही. पावसाळ्यात पठारावरच्या उथळ डबक्यांत त्याला दोन फाट्यांचे जांभळट-गुलाबी तुरे येतात, नर आणि मादी फुले वेगळ्या झाडांवर असतात, आणि पाणी आटले की कंद वर्षातले बरेच महिने कोरड्या मातीत झोपतो. बारमाही भरलेल्या टाकीत त्याला हा उन्हाळा कुठून द्यायचा? शिवाय त्याचे जग काही मोजक्या सड्यांपुरते आहे. कास २०१२ पासून जागतिक वारशात आहे आणि तिथले फूल तोडायला बंदी आहे. वायतुरा पाहायचा तो पठारावर जाऊनच.

उलट वाहतुकीचा हिशेब याहून कडू आहे. ब्राझीलची जलपर्णी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फुलांच्या हौसेने बंगालमध्ये आली आणि आज पंचगंगेचे पात्र दरवर्षी तिच्याखाली गुदमरते. आपल्याकडचा हायड्रिला १९५० च्या दशकात मत्स्यालयाच्या व्यापारातून फ्लोरिडात पोहोचला आणि तिथल्या तळ्यांतले सर्वांत खर्चीक तण ठरला. काच साफ करायला आणलेला सकर फूटभर वाढला, टाकीत मावेना, म्हणून पाण्यात सोडला गेला. उजनी जलाशयातल्या मच्छीमारांच्या जाळ्यांत तो आता येतो आणि त्याच्या काटेरी कवचाने जाळी फाटतात. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांपर्यंत चढले होते; अशा वेळी घरातली टाकी, अंगणातला हौद आणि नदी यांच्यात भिंत उरत नाही. म्हणून पहिली टाकी लावणाऱ्याने एवढे पाळावे: मोठा होणारा परदेशी मासा घेऊच नये, आणि नकोसा झालेला मासा किंवा उपटलेली वनस्पती नदीत, विहिरीत, गणपतीच्या तळ्यात सोडू नये. मासा दुकानदाराला परत द्यावा, वनस्पती उन्हात वाळवून मग खतात टाकावी.