इ.स. १८०३ च्या दख्खन मोहिमेतील बंजारा रसदवाहक : तांडा, छावणी आणि करार

प्रस्तावना :

असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ रोजी झाली. जालना जिल्ह्यातील केळणा व जुई या दोन नद्यांच्या दुआबातील हे रणक्षेत्र मराठवाड्याच्या इतिहासात सुपरिचित आहे. शिंद्यांची कवायती पलटणे, आर्थर वेलस्लीने शोधलेला नदीउतार, तोफखान्याचा मारा या बाबींवर पुष्कळ लेखन झाले आहे. मात्र त्या दिवशी वेलस्लीने आपला बाजार व सामानसुमान नळणी येथे पहारा ठेवून मागे सोडले होते, ही बाब बहुतेक ग्रंथांत एका वाक्यात उरकली जाते. छावणीत राहणाऱ्या, परंतु शिपाई नसणाऱ्या माणसांचे जग त्या वाक्याआड दडलेले आहे. प्रस्तुत निबंधात त्यांपैकी बंजारा रसदवाहकांचा विचार केला आहे. तत्कालीन इंग्रजी कागदपत्रांत त्यांना 'ब्रिंजारी' म्हटलेले आढळते. मराठी कागदांत लमाण, वंजारी, बंजारी असे शब्द येतात. आज वंजारी व बंजारा हे दोन स्वतंत्र समाज आहेत, याचे भान ठेवूनच जुने कागद वाचावे लागतात.

कराराचे स्वरूप :

सैन्याला धान्य पुरविण्याचा हा व्यवसाय इंग्रजांनी निर्माण केलेला नव्हता. पीटर मुंडी या इंग्रज प्रवाशाला इ.स. १६३२ मध्ये चौदा हजार बैलांचा एक तांडा वाटेत भेटला होता. शाहजहानच्या काळात आसफखानाबरोबर भंगी व जंगी हे दोन नायक असंख्य बैल घेऊन दख्खनेत उतरले, अशी आख्यायिका आहे. रांजणातले पाणी आणि छपराचे गवत घेण्याचा हक्क, तसेच दिवसाला तीन खून माफ, अशी सनद त्यांना ताम्रपटावर मिळाल्याचे सांगतात. सनदेचा खरेखोटेपणा बाजूला ठेवला तरी तिच्यातील मागण्या मार्मिक आहेत. पाणी, वैरण आणि कायद्यापासून संरक्षण यांखेरीज युद्धभूमीवर तांडा चालविणे अशक्य होते.

कंपनीच्या काळात ताम्रपटाची जागा कौलाने घेतली. नायकाशी बोलणी होत, त्यास आगाऊ रक्कम व जकातीची माफी मिळे आणि त्याने ठरलेल्या मुदतीत धान्य घेऊन लष्करात हजर व्हावे अशी अपेक्षा असे. बैल त्याचे, माणसे त्याची, वाटेतील जोखीमही बव्हंशी त्याचीच. आजच्या भाषेत यास खासगी कंत्राटदार म्हणता येईल. फरक एवढाच की, हा कंत्राटदार बायकामुलांसह कामावर येत असे.

या व्यवस्थेचे महत्त्व समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. कंपनीचा देशी शिपाई सामान्यतः आपले धान्य पगारातून लष्कराच्या बाजारात विकत घेत असे. बाजारात आवक कमी झाली की भाव चढत आणि शिपायाचा पगार अपुरा पडे. मद्रासकडील शिपाई भात खाणारा, तर औरंगाबादचा परिसर ज्वारी-बाजरीचा. त्यामुळे तांदूळ दक्षिणेकडून आणणे भाग होते. त्यातच इ.स. १८०३-०४ मध्ये दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. अशा वेळी सेनापती आणि नायक यांचे हितसंबंध एकमेकांना छेद देत. तांड्याचे धान्य अडचणीच्या दिवसांसाठी राखून ठेवावे असे सेनापतीस वाटे. गोणी लवकर विकून रिकाम्या बैलांनिशी दुसऱ्या खेपेस निघण्यात नायकाचा नफा असे. इंग्रज अधिकाऱ्यांनी ज्यास बंजाऱ्यांचा लबाडपणा म्हटले, त्यातील बराचसा भाग हा साधा व्यापारी हिशेब होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

तांड्याचा दिनक्रम :

लष्करी बाजाराची मांडणी ठरलेली असे. मुक्काम बदलला तरी पेठेतील दुकानांचा क्रम सहसा बदलत नसे. कोतवालाची देखरेख आणि बाजाराचे निशाण यांमुळे नवख्या माणसालाही वाट सापडे. तांडा मात्र या पेठेत बसत नसे. हजारो बैलांना चराई हवी, म्हणून तो लष्करापासून अलग, गवत-पाण्याच्या सोयीने उतरे. गोणी एकावर एक रचून त्यांचा कोट केला जाई. आत बायकामुले व वासरे, बाहेर कुत्र्यांचा पहारा. पहाटे गोणी पुन्हा बैलांच्या पाठीवर चढत. हे उचलण्याचे काम स्त्रियाही पुरुषांच्या बरोबरीने करीत. गोणी शिवणे-सांधणे, स्वयंपाक व लेकरे ही कामे त्याखेरीज. दररोज हजारो गोणी उतरविणे व पुन्हा चढविणे हेच या जीवनाचे मुख्य श्रम होते.

बैल चरत चालत असल्याने त्यांच्यासाठी वैरण वाहावी लागत नसे. ही तांड्याची ताकद होती, आणि मर्यादाही तीच. मुंडीने तांड्याची चाल दिवसाला सहा-सात मैलांहून अधिक नसल्याचे नोंदविले आहे. वेलस्लीची फौज याच्या दुप्पट-तिप्पट मजल मारी. परिणामी फौज पुढे आणि धान्य कित्येक मुक्काम मागे, अशी स्थिती वारंवार उद्भवे.

अंबड, ऑक्टोबर १८०३ :

बंजारा दोन्ही पक्षांना धान्य विकतो, म्हणून त्यास कोणी लुटू नये, असा दख्खनेतील जुना संकेत सांगितला जातो. इ.स. १८०३ च्या मोहिमेत हा संकेत टिकणे कठीण झाले. ऑक्टोबरअखेर नागपूरकर रघूजी भोसले पैठणच्या बाजूस होते आणि वेलस्ली त्यांच्या मागावर औरंगाबादेजवळ आला होता. याच सुमारास सुमारे चौदा हजार बैलांचा रसदीचा काफिला अंबड येथे पोहोचला. भोसल्यांनी त्यावर पाच हजार स्वार पाठविले. ३१ ऑक्टोबर रोजी हल्ला झाला. मद्रास पायदळाच्या तीन कंपन्या, दोन लहान तोफा व म्हैसूरचे स्वार यांच्या बळावर तो परतविण्यात आला आणि काफिला बचावला.

भोसल्यांच्या दृष्टीने हा डाव चुकीचा नव्हता. असईनंतर वेलस्लीला समोरासमोर गाठण्यापेक्षा त्याच्या फौजेचे पोट मारणे सोपे होते, आणि गनिमी काव्याच्या परंपरेत ते बसतही होते. परंतु तांड्यांच्या दृष्टीने या प्रसंगाचा अर्थ वेगळा होतो. एका पक्षाचा कौल, आगाऊ रक्कम आणि तोफांचा पहारा स्वीकारल्यावर तांडा तटस्थ व्यापारी राहत नाही. ज्या पहाऱ्याने त्यास वाचविले, त्यानेच त्यास लक्ष्यही केले. शिवाय बैल लुटले गेले तर शिपाई दुसऱ्या तुकडीत जाऊ शकतो, तांड्याकडे मात्र काहीच उरत नाही. बैल हेच त्याचे भांडवल, घर आणि पतही.

या चकमकीच्या इंग्रजी वृत्तांतात अधिकाऱ्यांची नावे, कंपन्यांची व तोफांची संख्या येते. बैलांचीही येते. बैल हाकणाऱ्यांची येत नाही.

मोहिमेनंतर :

२९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि डिसेंबरमध्येच देवगाव व सुर्जी-अंजनगावचे तह झाले. फौजा पांगल्या की रसदीची मागणीही संपे. इ.स. १८१८ नंतर दख्खनेत मोठ्या मोहिमा उरल्या नाहीत. पुढे पक्के रस्ते झाले, आणि इ.स. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद लोहमार्ग औरंगाबादवरून सुरू झाला. ज्या भटकेपणामुळे बंजारा सैन्याला उपयुक्त होता, तोच आता संशयाचे कारण ठरला. इ.स. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा पुढे काही प्रांतांत बंजारा गटांनाही लावण्यात आला. तो इ.स. १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात आज या समाजाची गणना विमुक्त जातींत होते.

मराठवाड्यातील अनेक वस्त्यांच्या नावांत 'तांडा' हा शब्द कायम आहे. बीड, जालना व छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतील अशा तांड्यांवरून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांकडे निघतात. त्यापूर्वी मुकादम येऊन कोयत्यामागे उचल देऊन गेलेला असतो. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरतात, आणि हिशेबाच्या वहीत कोयत्यांची संख्या मांडली जाते.