इन्फ्लुएंझा व हृदयविकार

इन्फ्लुएंझा, म्हणजे बोलीतला फ्लू, हा विषाणूमुळे होणारा श्वसनमार्गाचा आजार आहे. त्याचा भार हृदयावर व रक्तवाहिन्यांवरही पडतो आणि कधी कधी त्यातून हृदयविकाराचा झटका येतो. वसई-विरार परिसरात हा संबंध पावसाळ्याच्या संदर्भात समजून घ्यावा लागतो.

जून १९१८मध्ये फ्लूची जागतिक साथ मुंबईत शिरली. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेत, ६ ऑक्टोबरला, एकट्या मुंबईत एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदले गेले. महाराष्ट्रात तिला ‘मानमोडी’ म्हणत. रेल्वेमार्गांनी ती देशभर पसरली. त्या वेळी ठाणे जिल्ह्यात असलेला वसई तालुकाही मुंबईशी रेल्वेनेच जोडलेला होता. त्या साथीत तरुण माणसे मोठ्या संख्येने, मुख्यतः न्युमोनियाने दगावली. हृदयाचा धागा पुढे स्पष्ट झाला. १९३२ साली अमेरिकेत सेल्विन कॉलिन्स यांनी दाखवले, की फ्लूच्या साथीत हृदयविकाराच्या नावावर नोंदले जाणारे मृत्यूही वाढतात. मृत्यूच्या दाखल्यावर फक्त ‘हृदयविकार’ लिहिले की आधीचा ताप नोंदीतून निसटतो, आणि फ्लूने घेतलेल्या बळींची मोजणी कायम अपुरी राहते.

नेमका आकडा २०१८ साली कॅनडातील ऑन्टारियो प्रांतातून मिळाला. प्रयोगशाळेत फ्लू सिद्ध झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता इतर काळाच्या सुमारे सहा पट आढळली. आठवडा उलटल्यावर ती वाढ दिसली नाही. म्हणून ‘ताप आहे, उतरेल’ म्हणून घालवले जाणारे दिवसच हृदयरोग्यासाठी सर्वांत नाजूक असतात.

विषाणूशी लढताना शरीरात दाह उसळतो. रक्तवाहिनीच्या भिंतीवर वर्षानुवर्षे साठलेला चरबीचा थर त्याने कमकुवत होऊन फुटू शकतो. त्याच वेळी रक्तही लवकर गोठू लागते, आणि फुटलेल्या जागी गुठळी धरली की वाहिनी बंद होते. दुसरीकडे तापामुळे नाडी जलद चालते, हृदयाला प्राणवायू जास्त लागतो आणि फुप्फुसे भरलेली असल्याने तो कमी मिळतो. क्वचित हृदयाच्या स्नायूलाच सूज येते. आधीच दुबळे हृदय या ताणाने निकामी होण्याकडे झुकते.

पश्चिम भारतात फ्लूचा मुख्य हंगाम जुलै ते सप्टेंबर असतो. कधी कधी २०२३प्रमाणे फेब्रुवारी-मार्चमध्येही एच३एन२ या फ्लूच्या उपप्रकाराची लाट येते. मुख्य हंगामात, म्हणजे पावसाळ्यात, वसई, नालासोपारा, विरारची माणसे बंद खिडक्यांच्या लोकलमध्ये खांद्याला खांदा लावून मुंबईला जातात. २०११च्या जनगणनेत वसई-विरार महापालिका हद्दीची लोकसंख्या १२ लाखांवर होती. डेंग्यू, लेप्टो, हिवताप यांचेही हेच दिवस. त्यामुळे ‘अंगात कसर आहे’ म्हणणाऱ्या साठीच्या माणसाच्या छातीतल्या दुखण्याकडे घरच्यांचे लक्ष शेवटी जाते. तापात छाती भरून येणे, धाप लागणे, घाम फुटणे, दुखणे डाव्या हातात वा जबड्यात उतरणे यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता ईसीजी काढावा. पावसाने महामार्ग किंवा रेल्वे अडली तर उपचारासाठी मुंबई गाठायला लागणारा वेळ हृदयाच्या स्नायूला परवडत नाही.

प्रतिबंधाचा पुरावा भक्कम आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आयएएमआय चाचणीत, हृदयविकाराचा झटका आलेल्या २,५७१ रुग्णांपैकी काहींना रुग्णालयातच फ्लूची लस दिली गेली. वर्षभरात मृत्यू, पुन्हा झटका किंवा स्टेंटमध्ये गुठळी होण्याचे प्रमाण लस घेतलेल्यांत ५.३ टक्के, न घेतलेल्यांत ७.२ टक्के होते. लस अंगी लागायला साधारण दोन आठवडे लागतात आणि काही महिन्यांत तिचा जोर ओसरतो. त्यामुळे इथल्या हृदयरोग्याने ती मे महिन्यात, पावसाआधी आणि दरवर्षी घ्यावी. ही लस राष्ट्रीय नियमित लसीकरणात नसल्याने बहुतेकांना ती स्वखर्चाने घ्यावी लागते. पेन्शनीवर जगणाऱ्या घरात हा खर्च पुढे ढकलला जातो, ही उणीव शासनाने भरून काढायला हवी.

हृदयरोग्याने तापात रक्तदाबाच्या व रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. तापासाठी पॅरासिटामॉल बरे; आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी आणि नाक मोकळे करणाऱ्या काही गोळ्यांनी हृदयावरचा ताण वाढतो. फ्लूवरचे ओसेल्टामिव्हिर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केले तर अधिक उपयोगी पडते.